सुईबाबाचा खरा साक्षीदार

धुलाईखान्याच्या वाळवणीच्या पटांगणात त्या रविवारी एकही चादर वाळत नव्हती, आणि आश्चर्याची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची. एरवी सुट्टीच्या दिवशीही तिथल्या दोऱ्यांवर शहरातल्या झाडून साऱ्या इस्पितळांच्या चादरी लटकलेल्या असायच्या. त्या दिवशी दोऱ्या गुंडाळून भिंतीला टांगल्या होत्या आणि चादरींच्या जागी माणसं उभी होती. इस्त्रीवाले, पिळणीवाले, गाठोडी उपसणारे, त्यांच्या बायका, घरोघरची म्हातारी माणसं. मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि एवढी माणसं असून आवाज म्हणाल तर फक्त कडेवरच्या पोरांचा.

समोर कपड्यांच्या ढकलगाड्या उलट्या घालून, त्यांवर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. त्यावर सुईबाबा बसले होते. वय पन्नाशीचं, दाढी गुळगुळीत, अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. बाबा म्हटल्यावर जो अवतार डोळ्यांपुढे येतो त्यातलं काहीच नाही, ना राख ना जटा. बँकेत कर्ज मागायला गेले असते तर साहेबाने उठून खुर्ची दिली असती. बाजूच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र टॉवेलांची चळत होती आणि मखमलीच्या डबीत एक चांदीची सुई.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," बाबा माइकवर म्हणाले. "मी म्हणतो म्हणून तर मुळीच ठेवू नका. कागदावर ठेवा. प्रयोगशाळेचा कागद खोटं बोलत नाही. रक्तात एक मालक असतो आणि एक घुसखोर. चांदीला घुसखोर बरोबर ओळखू येतो. चांदीची कंपनं त्याच्यापर्यंत पोचली की तो एका थेंबावाटे बाहेर पडतो. कसा पडतो ते विज्ञानाला विचारा. मी अडाणी माणूस."

मागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या असलेल्या धाकटीच्या, इस्त्रीच्या मुकादमाच्या धाकट्या बहिणीच्या, कपाळावर आठी पडली. विज्ञान तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. रोज आठ तास ती त्याच्याच पंगतीला बसायची, आणि कंपनांबद्दल त्याने तिला आजवर अवाक्षर सांगितलं नव्हतं. ती सरकारी सर्वेक्षणात रक्त तपासायचं काम करायची. आज मात्र ती नोकरीवर म्हणून आली नव्हती. वहिनीने निरोप पाठवला होता की तुमचे दादा आज बोलणार आहेत, या.

आणि दादा आलाच. धुलाईखान्याच्या इस्त्री विभागाचा मुकादम, चार माणसांत मान असलेला, आयुष्यात कधी कुणाशी लबाड बोलला नाही अशी ख्याती असलेला. त्याने खिशातून दोन कागद काढले आणि माइकपुढे धरले.

"हा पहिला सरकारचा," तो म्हणाला. "यात लिहिलंय, हेपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह. हा दुसरा खासगी प्रयोगशाळेचा, बाबांची सुई घेतल्यानंतरचा. यात लिहिलंय, विषाणू आढळला नाही. मला भाषण येत नाही. तुम्ही मला ओळखता. एवढंच."

तो खाली उतरला आणि रांग लागली. त्या एवढ्या बोलण्याने जे काम केलं ते बाबांच्या तासाभराच्या बडबडीने केलं नसतं. दोन्ही कागद अस्सल होते हे धाकटीला ठाऊक होतं. दादा खरंच बोलत होता. दादाच्या रक्तात खरंच विषाणू नव्हता. खोटारड्याला उघडं पाडता येतं. खऱ्या माणसाचं काय करायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

आता हे दोन कागद कुठून आले ते सांगायला हवं.

देशात हेपॅटायटिस सी किती जणांना आहे, हे सरकारला मोजायचं होतं. हा आजार मोठा आतल्या गाठीचा. रक्तातून रक्तात जातो, यकृतात मुक्काम करतो आणि वर्षानुवर्षं ब्र काढत नाही. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि यकृत आतून निबर होत जातं. इस्पितळात आलेले तेवढेच मोजले तर न आलेले कोण मोजणार? म्हणून सोडत काढून वस्त्या निवडल्या आणि दारोदार जाऊन रक्त घेतलं. देशाची सरासरी शंभरात एकाच्याही खाली निघाली. धुलाईखान्याच्या वस्तीत मात्र आठ मोठ्या माणसांमागे एक निघाला. आकडा पाहून सर्वेक्षणाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सगळी मोजदाद पुन्हा करायला लावली होती. आकडा हलला नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. इस्पितळांच्या चादरींच्या गाठोड्यांत वापरलेल्या सुया यायच्या. कुणा घाईतल्या परिचारिकेकडून राहिलेल्या, कुणा बेफिकीर पोऱ्याने गुंडाळलेल्या. गाठोडं उपसताना बोटाला टोचायच्या. वस्तीतल्या जुन्या माणसांपैकी न टोचलेला हात विरळाच. दादाही तरुणपणी गाठोडी उपसायलाच होता.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढे. घरोघरी केलेली तपासणी रक्ताचा थेंब टाकून बघायच्या पट्टीची होती. विषाणू एकदा अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायची तयारी करतं, आणि त्या तयारीची खूण रक्तात कायमची राहते. पट्टी ती खूण दाखवते. विषाणू अजून आत आहे की नाही, हे पट्टीला कळत नाही. त्याला दुसरी, महागडी तपासणी लागते. आणि गंमत अशी की लागण झालेल्या दर चारांतल्या साधारण एकाच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या काही महिन्यांत आपणहून नाहीसा होतो. औषध नाही, पाणी नाही. माणसाला पत्ताही लागत नाही. खूण तेवढी मागे राहते.

दुसऱ्या तपासणीसाठी नळ्या मुख्य प्रयोगशाळेत जायच्या होत्या आणि तिथे रांग होती. दरम्यान लोकांच्या हातात पट्टीचा कागद पडला, पॉझिटिव्ह. पुढचं नंतर कळवू. धाकटीने बैठकीत विचारलंही होतं की हे नीट समजावून सांगायला नको का. तेव्हा कुणीतरी म्हणालं, लोकांना एवढं कळत नाही, गोंधळ उडेल. सरकारने असं अर्धंच वाक्य बोलून ठेवलं आणि उरलेलं अर्धं पुरं करायला सुईबाबा वस्तीत येऊन टेकले.

बाबांची पद्धत अशी होती. पॉझिटिव्ह कागद हातात धरून माणूस यायचा. बाबा त्याच्या बोटाला सुई टोचून थेंब काढायचे, काळ्या काढ्याची बाटली द्यायचे आणि मग ती दुसरी, महागडी तपासणी करून यायला सांगायचे. आधी कधीच नाही, नेहमी सुईनंतर. चारांत एकाच्या कागदावर 'विषाणू आढळला नाही' असं यायचं, जे सुई न टोचताही आलं असतं. तो एक जण व्यासपीठावर. उरलेल्या तिघांना विचारायचे, पथ्य मोडलंत का? आता जगात असा कोण माणूस आहे ज्याने कुठलंच पथ्य कधी मोडलं नाही? ते तिघे मान खाली घालून घरी जायचे आणि लाजेने कुणाजवळ बोलायचे नाहीत.

धाकटीने त्याच संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होता. वहिनी धुलाईखान्यात रफूचं काम करायची, घरीही तिच्या मांडीवर कायम एखादी फाटकी चादर असायची.

"जळूबाई आज रक्त न घेताच बसल्या," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली. सर्वेक्षणात आल्यापासून तिने नणंदेचं हे नाव ठेवलं होतं.

"तुझं म्हणणं, मी आधीपासूनच बरा होतो?" दादाने विचारलं.

"हो."

"मग पॉझिटिव्ह कसा?"

"पट्टी वेगळं बघते दादा, ती दुसरी तपासणी वेगळं बघते."

"दोन्ही रक्तच बघतात ना," दादा म्हणाला, आणि विषय संपला. धाकटीने शाळेत गणितात पहिला नंबर काढला तेव्हा गल्लीभर पेढ्यासारखी बातमी वाटणारा हाच दादा. त्याला बहिणीच्या शिक्षणाचा अभिमान होता, पण बाबांनी त्याला मृत्यूच्या दारातून परत आणलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती. पॉझिटिव्ह कागद आल्यापासून दोन आठवडे तो रोज उठून आरशात डोळे पिवळे झालेत का ते बघायचा, हे वहिनीने धाकटीला सांगितलं होतं. ज्याने त्या भीतीतून सोडवलं त्याला तो लुच्चा कसा म्हणणार?

उठता उठता धाकटीने वहिनीला सहज विचारलं, तुम्ही नाही ना गेलात त्या सुईकडे? वहिनीची पट्टी सर्वेक्षणात साफ निघाली होती.

"घेतली की," वहिनी म्हणाली. "बाबा म्हणाले, रोग एकट्यात नसतो, घरात असतो. सगळ्यांनी घ्या. मी हात मागे घेत होते तर यांनीच बोट धरलं."

धाकटी पुन्हा खाली बसली. सुई नवीन होती का, असं तिने विचारलं. वहिनी म्हणाली, स्वच्छ होती हो, बाबा दर माणसामागे कोरा टॉवेल घेऊन पुसतात. आणि टॉवेल तर आपल्याच भट्टीतले, तुमच्या दादांच्या हाताखालून गेलेले.

पुढे दोनेक महिने धाकटी तपासणीला चला म्हणत राहिली आणि वहिनी आज-उद्या करत राहिली. वहिनीला आधी अन्न नकोसं झालं, मग दुपारी चादरीवरच डोळा लागायला लागला. लघवी गडद झाली. एके दिवशी रफू विभागातली शेजारीण तिला म्हणाली, तुझे डोळे बघ गं. धाकटी तिला जवळजवळ ओढतच इस्पितळात घेऊन गेली. दुसरी तपासणी झाली. वहिनीच्या रक्तात विषाणू होता, भरपूर.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, घाबरू नका, आता याला गोळ्या आहेत. तीनेक महिने रोज घ्यायच्या, बहुतेक सगळे पुरते बरे होतात. पण तो काळा काढा आजच्या आज बंद करा, त्यात काय आहे देव जाणे, यकृत आधीच सुजलंय.

दादा त्याच दिवशी बाबांकडे गेला आणि समाधान घेऊन परत आला. बाबा म्हणाले होते, तुमच्यातून निघालेला घुसखोर हिच्यात शिरला. हिचा विश्वास डळमळीत होता, दार उघडं राहिलं. आठवड्याला दोन सुया आणि काढा दुप्पट. गोळ्या मुळीच नकोत, गोळ्यांनी चांदीचा गुण जातो.

वहिनी नवऱ्याच्या शब्दात राहणारी होती असं नाही. एरवी ती त्याला चार शब्द सुनवायची आणि तो निमूट ऐकायचा. पण या बाबतीत तिच्यापुढे पुरावा बसला होता. रोज तिच्या ताटासमोर जेवत होता. ती धाकटीला म्हणाली, "वन्सं, हे बरे झाले ना? मी डोळ्यांनी बघतेय. मग मी तुमचं कसं ऐकू?" गोळ्यांची बाटली तिने कपाटात चादरींखाली ठेवून दिली आणि काढा प्यायली. तिच्या चेहऱ्याचा कण न् कण पिवळा होत चालला होता.

धाकटी संतापली. इतकी की दादाशी पहिल्यांदाच ती वरच्या आवाजात बोलली. "तुझं खरं तिला मारणार आहे," ती म्हणाली. दादाचा चेहरा पडला. मग त्याने जे सुचवलं ते धाकटीला सुचायला हवं होतं.

"तुम्ही आमचं जुनं रक्त ठेवलंय ना? बर्फात?"

होतं. सर्वेक्षणात प्रत्येकाच्या दोन नळ्या घेतल्या होत्या. एक पट्टीसाठी, दुसरी गोठवून ठेवलेली. चिकटपट्टीवर ज्याची त्याची सही.

"मग ते तपास," दादा म्हणाला. "बाबांनी सुई लावायच्या आधीचं माझं रक्त. त्यात विषाणू निघाला की तू बाबांना नावं ठेवणं बंद करायचं. कबूल?"

"आणि नाही निघाला तर?"

"निघणारच," दादा म्हणाला. तो अगदी मनापासून बोलत होता.

डॉक्टरबाईंनी दादाच्या नळीबरोबर वहिनीचीही जुनी नळी काढायला सांगितली आणि दोघांची लेखी संमती घेतली. दादाने आणखी एक शंका काढली, आणि ती मोठी रास्त होती. गोठवून विषाणू मरत असेल तर? मग नळी साफच दिसणार. म्हणून तिसरी नळी घेतली, पिळणीवाल्याची. हा दादाचा जुना दोस्त. त्यानेही बाबांची सुई घेतली होती, तपासणीत विषाणू तसाच निघाला होता, आणि पथ्य मोडल्याचा ठपका घेऊन तो घरी बसला होता. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला तो माणूस आपण कधी काय चुकलो ते आठवत बसायचा. त्याची जुनी नळी तशीच गोठलेली होती. त्यात विषाणू दिसला तर बर्फाने काही बिघडत नाही, हे सिद्ध. दादाने स्वतः जाऊन तिन्ही नळ्यांवरच्या सह्या पाहिल्या आणि मान डोलावली.

निकाल आला तेव्हा दुपारची सुट्टी होती. रफूच्या खोलीत लांब टेबलावर एक चादर पसरलेली होती. धाकटीने त्यावर तीन कागद ठेवले आणि दादाला वाचायला सांगितलं.

पिळणीवाल्याच्या जुन्या नळीत विषाणू होता. बर्फात राहूनही अगदी ठणठणीत.

दादाच्या जुन्या नळीत विषाणू नव्हता.

"चुकलं असेल काही," दादा म्हणाला. पण सही त्याचीच होती, त्याने स्वतः पाहिली होती. त्याने कागद पुन्हा वाचला. मग टेबलावरच्या चादरीकडे बघत राहिला.

त्या चादरीच्या कोपऱ्यात शाईचा जुना डाग होता. धाकटीने त्यावर बोट ठेवलं. "दादा, ही चादर इतर कपड्यांबरोबर टाकशील?"

"टाकीन की. डाग पक्का बसलाय, आता रंग सोडत नाही."

"म्हणजे डाग आहे, पण रंग सोडत नाही."

"हो."

"पट्टी डाग बघते. दुसरी तपासणी बघते तो अजून रंग सोडतोय का. तुझा डाग वीस वर्षांचा आहे दादा. त्याचं रंग सोडणं कधीच थांबलं. बाबा यायच्या कितीतरी आधी."

दादाने आयुष्यभर डाग पाहिले होते. हे त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. त्याने तिसरा कागद उचलला, बायकोचा. जुन्या नळीत काही नव्हतं. ना डाग, ना रंग. ती त्या दिवशी कोरी होती.

"मग हिला कुठून आलं?" तो म्हणाला. "माझ्यात नव्हतंच, तर माझ्याकडून कसं येईल?"

धाकटीला उत्तर माहीत होतं. पण ते आपल्या तोंडून जाऊ नये असं तिला वाटलं. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पिवळ्या डोळ्यांनी नवऱ्याकडे बघत होती.

"टॉवेल," दादा हळूच म्हणाला. "दर माणसाला नवा टॉवेल. चळत मीच पुरवायचो. आमचं सगळ्यांचं लक्ष टॉवेलाकडे. किती शुभ्र, किती कडक इस्त्री." तो थांबला. "सुई एकच होती. हिच्या आधी रांगेत कोण होतं?"

"मीच," दारात उभा असलेला पिळणीवाला म्हणाला.

दादा स्टुलावर बसला. जन्मभर गाठोड्यांतल्या सुया चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात टाकणारा माणूस, नव्या पोरांना सुईचं भय घालणारा मुकादम. पण ज्या कापडाला आपण धुतलं ते स्वच्छ, आणि त्या कापडाने जे पुसलं तेही स्वच्छ, हा त्याच्या हाडीमाशी खिळलेला समज होता. बाबांनी त्या समजावरच आपलं दुकान थाटलं होतं.

"तू हात मागे घेत होतीस," तो बायकोला म्हणाला.

"घेत होते," वहिनी म्हणाली. मग उठून तिने पिशवीतून डबा काढला, डब्याखालून गोळ्यांची बाटली काढली आणि एक गोळी पाण्याबरोबर घेतली. बाटली आज सकाळीच तिने पिशवीत टाकली होती. का, ते तिने कधीच सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी पटांगण पुन्हा भरलं. बाबांनी नेहमीप्रमाणे दादाचं नाव पुकारलं. दादा वर चढला. या वेळी त्याच्या हातात तीन कागद होते. धाकटीने त्याला बजावलं होतं, आकडे सांगू नकोस, गोंधळशील. तो गोंधळला नाही.

"मी मागे इथे उभा राहून खरं बोललो होतो," तो म्हणाला. "पण मला आधीचं माहीत नव्हतं. माझ्या रक्तात बाबांच्या सुईआधीही विषाणू नव्हता. हा कागद. बाबांनी माझ्यातून काही काढलेलं नाही. माझ्या बायकोच्या रक्तात सुईआधी काहीच नव्हतं. हा कागद. आता आहे. बाबांनी काढलं काही नाही, घातलं मात्र. बोट मी धरलं होतं."

गर्दीत कुजबुज उठली. बाबा हसले. हसण्याची त्यांना चांगली सवय होती. "मुकादम दुःखात आहेत," ते म्हणाले. "सरकारच्या सुया काय कमी होत्या? त्याच सुईने लागण केली असेल सरकारने."

"सरकारची सुई माझ्या डोळ्यांदेखत पाकिटातून निघाली आणि एकदा वापरून डब्यात गेली. हिची वेगळी, माझी वेगळी. तुमच्या सुईचं पाकीट कुठंय?"

"चांदीला जंतू चिकटत नाही. हे शास्त्र आहे."

दादाने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पुढे सरकली, पण तिच्याआधी पिळणीवाला फळ्यांवर चढला होता. सुजलेल्या पायांनी, धापा टाकत. त्याने बाबांपुढे आपला हात पसरला.

"माझ्यात विषाणू आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे, मी पथ्य मोडणारा. माझ्या बोटाला टोचा. मग कोऱ्या टॉवेलाने पुसा. आणि मग तीच सुई स्वतःच्या बोटाला टोचा."

बाबांचा हात डबीकडे गेला, कारण सारं पटांगण बघत होतं. डबी उघडली गेली. सुई बाहेर आली. पिळणीवाल्याचा हात तसाच पसरलेला होता. बाबांनी सुईकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, आणि डबी मिटली.

"अशा अविश्वासाच्या वातावरणात सुई चालत नाही," ते म्हणाले.

पण वस्तीने पाहायचं ते पाहिलं होतं. शेकडो बोटांना बिनदिक्कत टोचणारा माणूस स्वतःच्या एका बोटाला घाबरला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. भाबडेपणाने केलं असतं तर त्याने टोचून घेतलं असतं. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. लोक आपापल्या बोटांकडे बघत उभे होते, आणि ते दृश्य धाकटीला आजही आठवलं की जेवण जात नाही.

बाबांना पोलिसांनी नेलं, जामिनावर सोडलं, आणि ते इथून उठून गेले ते कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. चांदीची सुई कुठल्याही खिशात मावते.

सर्वेक्षणाची माणसं वस्तीत पुन्हा आली. या वेळी बसून, कपडे आणि डाग यांच्या भाषेत, दोन्ही तपासण्या समजावून सांगत. कळलं नाही असा एकही जण निघाला नाही. लोकांना एवढं कळत नाही असं बैठकीत म्हणणारा जो कोणी होता, तो या फेरीत आला नव्हता. ज्यांच्या पट्ट्या पहिल्यांदा साफ होत्या आणि जे बाबांकडे फिरकले नव्हते, ते सगळे साफच निघाले. सुई घेतलेल्यांत नवे निघाले. बरेच. आठांत एक हा आकडा आता राहिला नव्हता, आणि वाढलेला आकडा धाकटीलाच लिहावा लागला. देशाच्या आकडेवारीत ही वस्ती म्हणजे एक बारीकसा ठिपका. पण त्या ठिपक्यात तिची वहिनी होती.

वहिनीच्या गोळ्या संपल्या, आणि पुढची तपासणी साफ आली. डाग राहिला, रंग सुटायचा थांबला. पिळणीवाल्याच्या रक्तातूनही विषाणू गेला, पण यकृत फार निबर झालं होतं. काढ्यात आणि पथ्यात गेलेले महिने त्याला कुणी परत देऊ शकत नव्हतं.

दादा मात्र अजून दारं ठोठावतो. त्याच्या शब्दावर ज्यांनी बोटं पुढे केली त्या प्रत्येकाच्या घरी तो जातो आणि तपासणीला चला म्हणतो. बहुतेक येतात. काही दारं उघडत नाहीत. एका म्हातारीने खिडकीतून त्याला सुनावलं, "तू बरा झालास ना बाबांमुळे? मग आम्हाला का अडवतोस?"

दादा पायरीवर उभा राहिला आणि बंद खिडकीला त्याने तेच सांगितलं जे तो प्रत्येक दारात सांगतो. त्यात काही मोठं ज्ञान नाही. कुठलाही बाबा, वैद्य, डॉक्टर किंवा सरकारी माणूस उद्या तुमच्या दारात कुणा बऱ्या झालेल्या माणसाला उभं करील, तेव्हा तुम्हीही तेवढंच विचारा.

"आजी, मी बरा झालो नाही. मी आजारी होतो का, हे मी आधी विचारलंच नव्हतं."